त्र्याऐंशी

पावाच्या दुकानात दारापाशी लाल डबी टांगलेली असते. तिच्यातून नंबराची चिठ्ठी ओढायची आणि काउंटरमागची बाई नंबर पुकारेपर्यंत गरम पावाचा वास घेत उभं राहायचं. ला सेरेनातल्या त्या मंगळवारी सकाळी मिरेया ताबिलो अशीच उभी होती आणि तिच्या मनात, खरं सांगायचं तर, स्वतःवरची खुशी सोडून दुसरं काही नव्हतं. बाहेर समुद्राकडून आलेलं कामान्चाकाचं धुकं चौकातल्या झाडांच्या बुंध्यापर्यंत उतरलं होतं. दहा वाजता ते उठणार, साडेदहाला आपण टेकडीवरच्या कचेरीत बसलेलो असणार, अकराला त्या एकेचाळीस ताऱ्यांच्या कागदावर सही करणार, आणि शुक्रवारी दुपारी पाकीट फुटणार. चार वर्षांचं काम असं एका रांगेत उभं होतं. आपण बरोबर आहोत याची तिला खात्री होती. खात्री असणं हा तिचा स्वभावच होता आणि त्याबद्दल तिनं कधी कुणाची माफी मागितली नव्हती. तेवढ्यात पुढच्या बाईनं वळून बघितलं, आणि त्या निघाल्या एल्सिराकाकू, निबाल्दोकाकांच्या बायको.

"अगं पोरी, तू! बघ, बघ हे!" काकूंनी चिठ्ठी तिच्या नाकासमोर नाचवली. "त्र्याऐंशी! हा नंबर काही माझी पाठ सोडत नाही. आमच्या म्हाताऱ्यानं तुमच्या त्या पाकिटात हाच घातलाय ना! वसतिगृहातल्या त्याच्या खाटेचा नंबर. मी म्हटलं, अरे, एवढ्या शिकलेल्या लोकांनी विश्वासानं तुला आकडा विचारला, आणि तू त्यांना खाट दिलीस?" आणि त्या हसल्या. मग काउंटरमागून "त्र्याऐंशी!" असा पुकारा झाला. काकूंनी आठ माराकेता पाव घेतले, मिरेयाच्या गालावर गाल टेकवला, "जेवत जा जरा, वाळलीस," म्हणाल्या आणि धुक्यात गेल्या. दुकानाची काचेची तावदानं त्याच वेळी किंचित थरथरली. जमीन हलली होती, इथं महिन्यातून दोनदा हलते तितकीच. कुणी मान वर केली नाही. मिरेयानं मात्र हात पुढे करून भिंत धरली.

आकडा कानात पडला होता आणि वजाबाकी होऊन गेली होती. तिनं ती केली नव्हती. आगगाडीत समोरच्या पाटीवरचं नाव जसं आपोआप वाचलं जातं, तशी ती झाली. या धंद्यातल्या माणसांचं हे दुखणं आहे. विश्व फुगतंय आणि फुगण्याचा वेग वाढतोय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला आतून ढकलणारं जे काही आहे ते कोणी पाहिलेलं नाही, म्हणून त्याला काळी ऊर्जा म्हणतात. मिरेयाचा चौदा जणांचा गट दूरवरच्या फुटणाऱ्या ताऱ्यांचा उजेड मोजून त्या ढकलण्याचा जोर काढत होता. तो जोर अनादि काळापासून सारखाच असेल तर उत्तर नेमकं उणे एक येतं. उणे एकपासून ते जरा जरी हललं, तर तो जोर काळाबरोबर बदलतोय, आणि विश्वाचा शेवट आजवर सगळे सांगत आले तसा होणार नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीत माणसाचा हात आपल्याला हव्या त्या उत्तराकडे नकळत वळतो. त्यावर या लोकांनी एक रीत काढली आहे: उत्तर स्वतःपासूनच लपवायचं. बाहेरच्या, ज्याला कशाचंच सोयरसुतक नाही अशा माणसानं एक आकडा निवडायचा, बंद खोलीत यंत्राला सांगायचा आणि कागदावर लिहून पाकिटात बंद करायचा. यंत्र प्रत्येक उत्तरात तो आकडा मिसळून दाखवतं. काय ठेवायचं, काय टाकायचं, सगळे वाद मिटल्यावरच पाकीट फोडायचं. त्यानंतर काही म्हणजे काही बदलायचं नाही. या गटानं त्यासाठी डोंगरावरच्या दुर्बिणीचा घुमट एकतीस वर्षं उघडणारे, आता निवृत्त झालेले निबाल्दो गालेगियोस निवडले होते. कारण काकांच्या पोटातून शब्द काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं, हे सगळ्या डोंगराला माहीत होतं. काकूंच्या तोंडात तीळ भिजत नाही, हेही सगळ्या डोंगराला माहीत होतं. चौदा जणांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही की ही दोन माणसं एकाच घरात राहतात.

पडद्यावर गेला महिनाभर दोन उत्तरं होती, तिला ती पाढ्यासारखी पाठ होती. शंकेखालचे एकेचाळीस तारे धरून उणे एक पॉइंट सात चार. ते वगळून उणे एक पॉइंट आठ दोन. आकडा मिसळलेला असेपर्यंत दोन्ही निरर्थक. आता त्र्याऐंशी, म्हणजे पॉइंट आठ तीन, बाजूला काढले की एकेचाळीस वगळून उरत होतं उणे पॉइंट नऊ नऊ, म्हणजे जुनंच उत्तर, उणे एकच म्हणा ना. आणि ते एकेचाळीस ठेवले तर उणे पॉइंट नऊ एक. मोजमापातली चूक पॉइंट शून्य तीन, आणि हे अंतर तिच्या तिप्पट. आकडा उलट्या बाजूनं मिसळला असेल तर येणारं उत्तर इतकं वेड्यासारखं होतं की तो विचारही करायला नको. नऊ एक. तिनं तो आकडा तोंडातल्या तोंडात एकदा म्हटला. तिच्या मागची बाई म्हणाली, "ताई, चौऱ्याऐंशी पुकारलं, तुमचंच ना?"

ती पाव छातीशी धरून चढ चढू लागली. कागदाच्या पिशवीतून पावाची ऊब बरगड्यांना लागत होती. आपल्याला आनंद होतोय हे तिच्या लक्षात यायला एक चौक जावा लागला. आनंद साधा, लहान मुलासारखा होता. नऊ एक! विश्वाला ढकलणारा जोर थकत चालला होता आणि ते या पृथ्वीवर फक्त तिला माहीत होतं. धुक्यातून पाव घेऊन चाललेल्या, गुडघा दुखत असलेल्या, अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला. दुसऱ्या चौकात मात्र ती थांबली, कारण ते एकेचाळीस तारे आज अकरा वाजता वगळणारी तीच होती. सहा वर्षांपूर्वीच्या एका शरद ऋतूत, अकरा रात्री ते मोजले गेले होते, सगळ्यात दूरचे, सगळ्यात मोलाचे. मिरेयाचं म्हणणं, त्या रात्री आकाशात डोळ्याला न दिसणारा विरळ ढग होता आणि त्यातून आलेला उजेड भरवशाचा नाही. फेर्मिन ओयार्सोचं म्हणणं, यंत्रांनी आकाश स्वच्छ म्हणून नोंदवलंय, तेव्हा तारे टाकणं हा माज आहे. फेर्मिन दक्षिणेकडच्या, बटाट्यांच्या चिलोए बेटावरचा, गटातला तिच्या खालोखालचा माणूस, आणि चार वर्षांत दोघांचं पावसापासून पगारापर्यंत कशावरही पटलं नव्हतं. शेवटचा शब्द तिचा होता. तो तिनं मनात केव्हाच देऊन टाकला होता: वगळायचे.

आणि आता चढावर थांबून तिला वाटत होतं, फेर्मिनचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. हे वाटणं इतकं अलगद आलं की तिला स्वतःचं कौतुक वाटलं असतं. आपण हट्टी आहोत, सगळे म्हणतात. आज एकदा त्याचं ऐकलं तर? अकरा वाजता सगळ्यांसमोर म्हणायचं, फेर्मिन, जा, ठेवले तुझे तारे. लोकांना मिरेया ताबिलोचा मोठेपणा दिसेल. शुक्रवारी पाकीट फुटेल, नऊ एक बाहेर येईल, आणि तिच्या डोळ्यांतलं आश्चर्य कुणाला खोटं वाटणार नाही, कारण रडू तर खरंच येईल. याला लोभ म्हणतात हे तिला पुरतं कळत होतं. तिला फक्त नवल वाटलं की लोभाचा पेहराव इतका सभ्य असतो.

कचेरीत पोचेपर्यंत धुकं उठलं होतं. टेबलावर सहीचा कागद होता, त्यावर तिच्याच हातचं "एकेचाळीस वगळावेत," आणि खाली रिकामी जागा. ती पेन उघडून बसली. मुळात जे ठरवलं होतं तेच करावं, नाही का? पाव घेण्याआधी जी मिरेया होती तिचं ऐकावं. ती स्वच्छ होती. पण सही करायला हात टेकवला तेव्हा तिच्या लक्षात आलं की ही सहीही आता ती जुनी मिरेया करणार नाही. ही करेल ती बाई, जिला आपण लोभी नाही हे स्वतःला दाखवायचंय. ठेवले तर लोभ, काढले तर लोभ नसल्याचा देखावा. कागदाला जोडलेल्या तीन-चार पानांतले सगळे मुद्दे तेच होते, आकडे तेच होते, फक्त ते वाचणारे डोळे बाटले होते. नवा आकडा घालून नवं पाकीट करता आलं असतं, पण तिला उत्तरच कळलं होतं, पाकीट किती बदलणार? कळलेलं विसरायला यंत्र नाही. सूर्य खिडकीतून टेबलावर आला, पुढे सरकला, आणि बाराच्या सुमाराला तिला बापाची आठवण झाली. तशी ती महिनोन्महिने होत नसे.

तिचा बाप लिमारीच्या खोऱ्यात पाटकरी होता. ज्या मुलखात पाऊस वर्षाकाठी चार वेळा पडतो तिथं पाटाचं पाणी पाळीपाळीनं घ्यायचं असतं, आणि प्रत्येक मळ्याचं कवाड किती बोटं उघडायचं ते पाटकरी ठरवतो. पाण्यात पट्टी उभी धरायची, ओली खूण बघायची, तेवढं कवाड वर करायचं. बाप हे काम नाकासमोर करायचा. पाटाच्या शेवटी त्याचा स्वतःचाही द्राक्षाचा तुकडा होता, सात ओळींचा. त्याची पाळी आली की तो पट्टी रेमिहियोच्या हातात द्यायचा. रेमिहियो शेजारी, आणि दोघांचं बांधावरून इतकं वाकडं की लग्नकार्यातसुद्धा एका बाकावर बसत नसत. तरी पट्टी त्यालाच. स्वतः बाप पाठ करून उभा राहायचा, डोंगराकडे बघत, टोपी मागे सरकवून. दुष्काळाच्या एका वर्षी रेमिहियोनं कवाड दोन बोटं कमीच उचललं. अकरा वर्षांच्या मिरेयानं ते डोळ्यांनी बघितलं आणि ओरडून सांगितलं. बाप वळला नाही. शेवटच्या दोन ओळी जळाल्या. आई आठवडाभर बोलत होती, हा काय शहाणपणा, असं कुठं असतं का. मिरेयाही रागावली होती, इतकी, की तिनं जेवताना बापाकडे बघणं सोडलं होतं. शेवटी तो एवढंच म्हणाला होता, "माझ्या मळ्यावर पट्टी धरली की माझं बोट ओलं होतं, पोरी. खूण दिसत नाही." तिला तेव्हा ते दुबळेपणाचं वाटलं. मोठेपणी तर ती हे विसरून गेली होती. आता एकाएकी तो ओल्या चिखलाचा, पुदिन्याचा वास तिच्या नाकात आला, आणि बापाची पाठ दिसली. ती पाठ दुबळ्या माणसाची नव्हती. तिनं पेनाला टोपण घातलं. कागद तिनं फाडला नाही, तसाच उलटा ठेवला.

संध्याकाळच्या चहाला ती निबाल्दोकाकांकडे गेली. टेबलावर सकाळचेच माराकेता, कुस्करलेला अवोकाडो, आणि किटली. काकू तिला बघून हरखल्या. काकांनी नेहमीसारखी फक्त भुवई उचलली. मिरेयाला आडवळण जमत नाही, तिनं खुर्ची ओढून सरळ सांगितलं, "काका, पाकिटातला आकडा मला कळलाय."

काकांनी बायकोकडे बघितलं. काकूंचा हात तोंडावर गेला होता. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "ती चिठ्ठी! पण मी आपली गंमत म्हणून... पोरी, तू कुठं परकी आहेस? तुझंच पाकीट ना ते?"

"म्हणूनच तर मला नको होता, काकू."

"मी जीभ कापून टाकते!"

"राहू दे, म्हातारे," काका म्हणाले. "कापलीस तरी वळवळेल ती." मग मिरेयाकडे वळून, "कोणता आकडा ऐकलास ते मला सांगू नकोस. मी हो म्हणणार नाही आणि नाही म्हणणार नाही. पाकीट बँकेत आहे, ते फुटेल तेव्हा फुटेल." आणि ते पावाचे चार भाग करायला लागले, सावकाश, एकेक खाच बघून तोडत. त्यांचा चेहरा घुमटाच्या दारासारखा बंद होता. माणूस दुखावलाय की रागावलाय, काही कळत नव्हतं. मिरेयानं त्यांच्यासमोर दोन तुकडे खाल्ले. खरं तर तिला त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडायचं होतं. निघताना काका दारापर्यंत आले आणि एवढंच म्हणाले, "कुणाला सांगणार आहेस?"

"फेर्मिनला."

"त्या बटाट्याला?" काकांनी दाराची कडी काढली. "बरं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी फेर्मिन कचेरीतल्या छोट्या स्वयंपाकघरात पाणी उकळत उभा होता. लोकरी टोपी घातलेली, इथल्या उन्हाळ्यातही. "या बाईसाहेब," तो म्हणाला. "काल सही होणार होती म्हणे. हात दुखतो का?"

"दार लाव," मिरेया म्हणाली. मग ती खुर्ची खिडकीकडे वळवून, त्याच्याकडे पाठ करून बसली. "माझ्या तोंडाकडे बघू नकोस. ऐक फक्त. आकडा माझ्या कानावर आला. कुणाकडून ते सांगणार नाही, आणि चूक त्या माणसाची नाही. उत्तर काय येतं ते मला माहीत आहे, दोन्हीकडचं. त्यामुळे त्या एकेचाळीसचा निर्णय मी घेऊ शकत नाही. तो तू घ्यायचास."

पाणी उकळून उतू गेलं. फेर्मिननं बटण बंद केलं नाही. "थट्टा करतेयस."

"नाही."

"पण मी तर ठेवा म्हणतोय. चार वर्षं ठेवा म्हणतोय! तुला माहीत आहे मी काय करणार."

"मला माहीत नाही. तूही अजून बघितलेलं नाहीस, नुसतं माझ्याशी भांडलायस. आता भांडायला मी नाही. नव्यानं बघ. हवे तेवढे दिवस घे, शुक्रवार पुढे ढकलायचं मी सगळ्यांना कळवते, कारणासकट."

"कारणासकट? लोक काय म्हणतील तुला?"

"म्हणू देत."

त्यानं आता बटण बंद केलं. मग त्याचा आवाज बदलला, हळू झाला, लोभावला. "एकच सांग. चांगलं आहे का?"

मिरेयानं खिडकीच्या काचेवर नजर रोवली. खाली शहर, पलीकडे समुद्र, समुद्रावर एक बोट. चेहरा कसा ठेवायचा असतो? गालांचं काय करायचं? तिला जाणवलं की काचेत आपलं प्रतिबिंब दिसतंय, आणि तिनं डोळे मिटले. फेर्मिननं तिच्या पाठीकडे पाहिलं असावं, कारण जरा वेळानं तो म्हणाला, "चुकलो. विचारायला नको होतं." आणि किटली उचलून निघून गेला.

मग तीन आठवडे ती स्वतःच्या गटात पाहुण्यासारखी राहिली. चर्चा सुरू झाली की उठून जायची. जेवणाचा डबा घेऊन टेकडीवरच्या बाकावर बसायची, जिथून खालची मैदानं आणि समुद्र दिसतो. काही जण तिच्याशी जास्त गोड बोलू लागले, काही जण कमी. एकानं लिहून विचारलं की अशी माहिती "योगायोगानं" कशी कळते, आणि तो शब्द त्यानं अवतरणात घातला होता. तिला ते लागलं, पण खोलवर गेलं नाही. बापाला तर अख्ख्या खोऱ्यानं वेडा म्हटलं होतं. सगळ्यात कठीण होता चेहरा. कुणी विश्वाच्या शेवटाबद्दल विनोद केला तर किती हसायचं, कुणी उणे एकच येणार म्हणून पैज लावली तर भुवई कुठं ठेवायची. ती आरशात बघून दात घासतानासुद्धा सावध असे. आणि आत नऊ एक होतंच, लपवलेल्या मिठाईसारखा. ती त्याच्याकडे दिवसातून चार वेळा जाऊन येई. थकत जाणारा जोर. दूरच्या काळात कधीतरी फुगणं मंदावेल, आकाशातले दिवे एकमेकांपासून इतके लांब जाणार नाहीत, कदाचित आकाश अगदीच रिकामं होणार नाही. हे तिचं होतं आणि हे वाचवणारे सगळे पुरावे आता त्या हट्टी चिलोएकराच्या हातात होते. फेर्मिन ठेव म्हणणार हे तिला मनातून पक्कं वाटत होतं. तसं ते झालं तर आपला हातही ओला नाही आणि नऊ एकही आपलं. असा हिशेब करणाऱ्या स्वतःच्या मनाला तिनं एकदा शिवीही हासडली.

विसाव्या दिवशी, दुपारी तीन वाजता, ती समुद्राकाठी चालत असताना त्याचा फोन आला.

"बाईसाहेब, बस कुठंतरी."

"बोल."

"डोंगरावर गेलो होतो. यंत्रांच्या नोंदी सगळ्या स्वच्छ आहेत, तुला माहीतच आहे. पण घुमटात हातानं लिहायची एक वही असते, आठवते? कुणी वाचत नाही. सहा वर्षांपूर्वी ती निबाल्दोकाका लिहायचे. अकरा रात्रींपैकी नऊ रात्री त्यांनी एकच ओळ लिहिली आहे. 'चंद्राला खळं.' ढगाशिवाय खळं पडत नाही. तुझं बरोबर होतं. काढतोय मी ते एकेचाळीस. आज सही केली."

लाट आली आणि तिच्या बुटांपर्यंत येऊन परतली. "बरं," ती म्हणाली. हा एक शब्द सपाट ठेवायला तिला बापाची सगळी पाठ लागली.

"एवढंच? चार वर्षांनी मी म्हणतोय तुझं बरोबर होतं!"

"ऐकलं मी. सगळ्यांना कळव." फोन बंद करून ती वाळूत बसली आणि तिनं रडून घेतलं. बरोबर ठरल्याचं इतकं दुःख तिला आयुष्यात कधी झालं नव्हतं. नऊ एक गेलं. तिच्या स्वतःच्या मुद्द्यानं गेलं, तिच्या वैऱ्याच्या सहीनं गेलं, आणि नियमानं गेलं. कुणाला सांगताही येणार नव्हतं की काय गेलं ते, आज तर नाहीच. समोर एक बाई दोन कुत्र्यांना घेऊन चालली होती. कुत्रे थांबून मिरेयाचे बूट हुंगून गेले. मग तिला भूक लागली. टपरीवर जाऊन तिनं चीज घातलेल्या, करंजीसारख्या दोन एम्पानादा खाल्ल्या, बोटं चाटली, आणि घरी जाऊन दहा तास झोपली.

शुक्रवारी दुपारी बारा वाजता कचेरीच्या मोठ्या खोलीत सगळे जमले. निबाल्दोकाका कोट-टाय घालून, पाकीट दोन्ही हातांत धरून. एल्सिराकाकू शेजारी, ओठ घट्ट मिटून, तीन आठवड्यांत कुणाशी आकड्यांबद्दल बोलले नाही असं सगळ्यांना सांगत. फळ्यावर उणे एक पॉइंट आठ दोन लिहिलेलं. मिरेया मागच्या भिंतीशी उभी राहिली. तिच्या मनात उत्सुकता नव्हतीच. तयारी होती: सगळे "उणे एक" म्हणून सुस्कारा सोडतील, तेव्हा आपणही सोडायचा. काकांनी चष्मा लावला, पाकीट सुरीनं कापलं, घडी उलगडली आणि घुमटातल्या आवाजात वाचलं, "उणे पॉइंट सात सहा."

मिरेयाला वाटलं, चष्मा बदलायला हवा त्यांचा.

"काय?" खोलीत पहिला आवाज एल्सिराकाकूंचा फुटला. "म्हाताऱ्या! त्र्याऐंशी ना? खाट ना?"

"शहात्तर," काका म्हणाले. "घुमटाच्या पायऱ्या. एकतीस वर्षं चढलो, मी सोडून कुणी मोजल्या नाहीत."

"एक्कावन्न वर्षं संसार केला आणि तू मला खोटा आकडा दिलास?"

"रोज विचारत होतीस. दिला एक, तुला झोप यावी म्हणून." गटातले बाकीचे हसले. काका हसले नाहीत. त्यांची नजर मागच्या भिंतीकडे होती. "पोरी, तू आलीस त्या संध्याकाळी मला सांगता आलं असतं. पण हिचा आकडा खोटा म्हटलं असतं, तर तो एक आकडा पाकिटात नाही, हे तुला कळलं असतं. तेवढंही कळायला नको होतं. म्हणून पाव खात बसलो."

फेर्मिन फळ्यापाशी गेला आणि त्यानं वजाबाकी लिहिली, तिच्या डोक्यात ती आधीच झाली होती तरी. उणे एक पॉइंट शून्य सहा. उणे एकच्या पलीकडच्या अंगाला, जिकडे कुणी बघतच नव्हतं. थकणारा जोर नव्हे, वाढत जाणारा, असला तर. मोजमापातल्या चुकीच्या दुपटीइतकं अंतर, म्हणजे या धंद्यात ना हो, ना नाही. एकेचाळीस ठेवले असते तर नुसतं उणे एक निघालं असतं आणि सगळे घरी गेले असते. म्हणजे नऊ एक कधी नव्हतंच. वाळूत बसून ती ज्याच्यासाठी रडली ते कुठंच नव्हतं, खाटेच्या नंबरातून निघालेलं भूत होतं. लोभ तेवढा खरा होता, आणि तो सोडलाही खराच होता. तिला वाटलं, बापाला हे आवडलं असतं. मग वाटलं, नाही, तो म्हणाला असता, त्यात काय, आणि टोपी मागे सरकवली असती.

"बाईसाहेब," फेर्मिन फळ्यापासून म्हणाला. टोपी काढून त्यानं हातात धरली होती. "तुला तीन आठवडे काय माहीत होतं?"

"काहीच नाही," मिरेया म्हणाली.

मग एल्सिराकाकू रागानं म्हणाल्या, "ना हो, ना नाही, म्हणजे आता पुन्हा सगळं? आणखी तारे? आणि पुढचा आकडा कोण ठेवणार, हा लबाड?"

"हेच ठेवतील, काकू. तुम्हाला रोज नवा सांगतील."

काका पहिल्यांदा हसले, त्यांचे पुढचे दोन दात नव्हते हे तिला आजच कळलं. मिरेयाही हसली, आणि हसता हसता डोळे भरले, नाक लाल झालं, ओठ वेडेवाकडे झाले. सगळे तिच्याकडे बघत होते. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिनं चेहऱ्याला हवं ते करू दिलं.